परातीतला पोरकिडा आणि आकाशातला दगड



२०२२ सालचा गुढीपाडवा आठवतो का? २ एप्रिल होता. गुढी उतरवून झाली होती, कुणाच्या घरी पुरणपोळी, कुणाच्या घरी श्रीखंड, आणि रात्रीच्या जेवणाची तयारी चाललेली. तेवढ्यात आकाशातून जळते गोळे रांगेने सरकत गेले. महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांनी ते पाहिलं, मोबाईलवर व्हिडिओ काढले. कुणी म्हणालं तारा तुटला, कुणी म्हणालं विमान पडलं. पाडव्याच्या दिवशी अपशकुन झाला म्हणून देवापुढे दिवा लावणाऱ्याही होत्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तर भलंमोठं धातूचं कडं येऊन पडलं. पुढे जाणकारांनी सांगितलं, की तो तारा नव्हता, उल्काही नव्हती, चिनी रॉकेटचे तुकडे होते.

त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या एका गटाच्या मीटिंगमध्ये हप्ते राहिले बाजूला आणि चर्चा त्याचीच. एका ताईंची मुलगी आईसोबत आली होती, तेव्हा ती लहान होती, सहावीत वगैरे असेल. तिने मला विचारलं, "ताई, वरून काय काय पडू शकतं याची कुणी यादी ठेवतं का?"

मला तेव्हा उत्तर आलं नाही. मी बी.ए. झाले आहे, तेही मराठी आणि इतिहास घेऊन. पण प्रश्न डोक्यात राहिला. आज तुम्हाला सांगते, की अशी यादी आहे, रोज वाढते आहे, आणि त्या यादीत भर घालायचं काम शाळेत शिकणारी मुलंमुली करतात. खोटंखोटं नाही, खरंखुरं.

आधी आपल्या जवळचंच उदाहरण घेऊ. आपल्यातल्या कितीतरी जणी लोणारला जाऊन आल्या आहेत. छत्रपती संभाजीनगरहून गाडी केली तर सकाळी निघून संध्याकाळी परत. धारेवर हातपाय धुवायचे, दैत्यसूदनाचं देऊळ बघायचं, नवरात्रात कमळजा देवीची ओटी भरायची. लवणासुराला विष्णूने मारलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली. ती कथा आपली आहे, ती कुणी काढून घेत नाही. पण त्या खड्ड्याची दुसरीही एक गोष्ट आहे. जवळजवळ पावणेदोन ते दोन किलोमीटर रुंद असलेलं ते गोल विवर आकाशातून आलेल्या दगडाने पाडलेलं आहे. बराच काळ लोक त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत होते, कारण आपला सगळा दख्खनचा काळा दगड ज्वालामुखीचाच. १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांनी तिथे खोदकाम करून आतले दगड तपासले. जबरदस्त आघाताशिवाय तयार होत नाही अशी काच त्यांत सापडली, तेव्हा खात्री झाली.

काळ्या बेसॉल्ट दगडात पडलेली अशी विवरं जगात फार थोडी आहेत. चंद्रावर आणि मंगळावरही असाच दगड पसरलेला आहे, म्हणून तिथली विवरं समजून घ्यायला परदेशातले शास्त्रज्ञ आपल्या लोणारला येतात. आणि गंमत म्हणजे, त्याचं वय किती यावर अजून एकमत नाही. एका पद्धतीने मोजलं तर पन्नास हजार वर्षांच्या आसपास येतं, दुसऱ्या पद्धतीने साडेपाच लाखांच्या वर जातं. एवढा फरक! विज्ञान म्हणजे सगळं आधीच ठरलेलं, पुस्तकात छापलेलं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आपल्या उंबऱ्याबाहेरच्या खड्ड्याचंही उत्तर अजून शोधायचं राहिलेलं असतं.

आता हे दगड येतात कुठून? मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांच्या मधे लहानमोठ्या दगडांचा मोठा पट्टा आहे. त्यांना लघुग्रह म्हणतात. ग्रह तयार होताना जो माल उरला, तो असाच राहून गेला. घर बांधून झाल्यावर अंगणात विटा-खडी उरते तसा. पहिला लघुग्रह १८०१ सालच्या १ जानेवारीला इटलीत एका धर्मगुरूने शोधला. आज यादीत तेरा लाखांहून अधिक आहेत. त्यातले बहुतेक आपल्या वाटेला जात नाहीत. पण पृथ्वीच्या जवळून जाणारेही हजारो आहेत, आणि त्यातले जे गाव-शहर उद्ध्वस्त करू शकतील एवढे, म्हणजे १४० मीटरच्या वरचे आहेत, ते निम्मेसुद्धा अजून सापडलेले नाहीत.

घाबरवायला सांगत नाही. रोज कुणाच्या डोक्यावर दगड पडत नाही. पण २०१३ सालच्या १५ फेब्रुवारीला रशियात चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे वीस मीटरचा एक दगड हवेत फुटला. दगड कुणाला लागला नाही. उजेड दिसला म्हणून लोक खिडकीपाशी गेले, मागून धक्का आला आणि काचा फुटल्या. दीड हजाराच्या आसपास माणसं जखमी झाली. तो दगड सूर्याच्या बाजूने आला होता, त्यामुळे आधी कुणालाच दिसला नव्हता. (यातून एक साधी गोष्ट मुलांना सांगून ठेवा: आकाशात डोळे दिपवणारा उजेड दिसला तर काचेजवळ जायचं नाही.)

आपल्या महाराष्ट्रातही दगड पडले आहेत. २०१२ साली २२ मे रोजी भरदुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलच्या परिसरात अशनी पडले. गावकऱ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी तुकडे गोळा केले. पुढे त्याच तुकड्यांत एक असं खनिज सापडलं, जे पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खाली असतं आणि आपल्याला हाताने कधी काढता येणार नाही. म्हणजे शेतात पडलेल्या दगडाने पृथ्वीच्या पोटातली गोष्ट सांगितली.

तर मूळ मुद्द्यावर येते. हे लघुग्रह शोधतात कसे?

तुम्ही परातीत तांदूळ निवडायला घेतले आहेत, असं समजा. त्यात एखादा पोरकिडा आहे. तांदळाचे दाणे हजार, आणि तो इवलासा. एकदा नजर टाकून तो दिसत नाही. पण तुम्ही परातीकडे बघता, थोडा वेळ दुसरं काम करता, पुन्हा बघता. दाणे जिथल्या तिथे असतात. जो हलला तो पोरकिडा. आकाशातही तसंच. तारे म्हणजे दाणे, ते एकमेकांशी जागा बदलत नाहीत. लघुग्रह आपल्या जवळ असतो, म्हणून ताऱ्यांच्या मधून तो सरकताना दिसतो.

अमेरिकेच्या हवाई बेटांवर हालेआकाला नावाचा डोंगर आहे, आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीचा. त्याच्या माथ्यावर पॅन-स्टार्स नावाची दुर्बीण आहे. ती रात्री आकाशाच्या एकाच तुकड्याचे साधारण पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने चार फोटो काढते. असे चार-चार फोटोंचे संच जगभरातल्या शाळांना इंटरनेटवरून पाठवले जातात. मुलं संगणकावर ते चारही फोटो एकावर एक ठेवतात आणि भराभर उलटतात, जत्रेत पूर्वी चित्रांची छोटी वही मिळायची ना, पानं फर्रकन सोडली की माणूस पळताना दिसायचा, तशी. सगळे तारे जागेवर राहतात. एखादा ठिपका टुक-टुक-टुक करत पुढे जातो. तोच आपला पोरकिडा.

पण सरकणारा प्रत्येक ठिपका खरा नसतो. कॅमेऱ्यातच डाग असतो, कधी उजेडाचा खोटा चमचमाट असतो. म्हणून मुलांना चार गोष्टी तपासायला शिकवतात. ठिपका सरळ रेषेत जातोय का? चारही फोटोंत त्याची पावलं सारख्या अंतराची आहेत का? उजेड साधारण सारखा आहे का, की एका फोटोत लख्ख आणि दुसऱ्यात गायब? आकार गोल आहे का, की वेडावाकडा? संगणकातली ॲस्ट्रोमेट्रिका नावाची प्रणाली त्या ठिपक्याचा आलेख दाखवते आणि किती खात्रीचा आहे त्याचा आकडाही देते. जे लघुग्रह यादीत आधीपासून आहेत त्यांवर खूण येते. खूण नाही आणि चारही कसोट्यांना उतरला, तर त्याची जागा, वेळ, उजेड यांचा अहवाल लिहून पाठवायचा.

तुम्ही म्हणाल, एवढे मोठाले संगणक असताना पोरांची काय गरज? संगणक शोधतातच. पण फारच अंधूक ठिपका आणि नुसता गोंगाट यातला फरक कधी कधी सरावलेल्या डोळ्याला जास्त कळतो. आपल्याला पुढ्यातल्या धान्यात काय चुकीचं आहे ते न सांगता कळतं, तसं.

हे काम चालवणारा जो उपक्रम आहे त्याचं नाव इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन. नाव लांबलचक आहे, त्याची अद्याक्षरं घेऊन लोक त्याला 'आयझॅक' म्हणतात. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात हार्डिन-सिमन्स विद्यापीठात पॅट्रिक मिलर नावाच्या प्राध्यापकांनी २००६ साली तो सुरू केला. नासाचं त्याला पाठबळ आहे. भारतात 'स्पेस' नावाची संस्था त्यांच्याबरोबर शाळांसाठी लघुग्रह शोधमोहीम घेते.

याच मोहिमेत २०२० साली सुरतच्या दहावीतल्या दोन मुलींना एक नवा लघुग्रह दिसला. जुलै महिन्यात पेपरात बातमी आली होती, लॉकडाऊन चालू होता तेव्हाची गोष्ट. सुरत म्हणजे आपल्या खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचं पोट जिथे भरतं ते शहर. तेव्हा त्या दगडाला 'एचएलव्ही २५१४' असं तात्पुरतं टोपणनाव मिळालं. खरं नाव लागायला वेळ लागतो, आणि ते का, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण बातम्यांमध्ये हा भाग कुणी सांगत नाही.

मुलांनी अहवाल पाठवला की तो आधी आयझॅकचे लोक तपासतात. मग तो अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातो. जगातल्या सगळ्या लघुग्रहांचं खातेवही म्हणा, ती तिथे असते. त्या छोट्या मुलीने मला विचारलेली यादी ती हीच. एकदा दिसलं म्हणून तिथे नोंद पक्की होत नाही. तोच दगड पुन्हा दुसऱ्या रात्री कुणाला तरी दिसावा लागतो. मग तात्पुरती नोंद. त्यानंतर वर्षानुवर्षं तो सूर्याभोवती फिरताना पुन्हा पुन्हा मोजला जातो, त्याची वाट पक्की होते, आणि मग त्याला कायमचा क्रमांक मिळतो. त्याला सहा वर्षं, दहा वर्षंही लागतात. क्रमांक मिळाल्यावर शोधणाऱ्याला नाव सुचवता येतं. नावाचेही नियम आहेत: सोळा अक्षरांच्या आत बसलं पाहिजे, धंद्याच्या जाहिरातीचं नको, आणि पुढाऱ्यांचं नाव द्यायचं तर ते वारून शंभर वर्षं झाली पाहिजेत. (हा शेवटचा नियम ऐकून आमच्या गटात सगळ्यात जास्त हसू झालं.) कल्पना चावलाच्या नावाचा लघुग्रह आहे. पंडित जसराजांच्या नावाचाही आहे.

आपल्या बचत गटाचंही असंच नाही का? पहिल्या महिन्याला शंभर रुपये भरले म्हणून बँक लगेच कर्ज देत नाही. महिनोन्महिने हप्ते, मीटिंगची नोंद, वही नीट, मग ग्रेडिंग, मग कर्ज. आकाशातल्या दगडालाही पत मिळवावी लागते.

आता गेल्या वर्षीची आमच्याकडची हकिगत सांगते. गावाचं नाव सांगत नाही. पाडव्याला मला प्रश्न विचारणारी ती मुलगी आता नववीत होती. शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी या मोहिमेत नाव घालायचं ठरवलं. पाच मुलांचा चमू, चार मुली आणि एक मुलगा. मुलीच्या आईने मला फोन केला. "ताई, रात्री बारा-बारा वाजेपर्यंत मोबाईल घेऊन बसायचं म्हणे आकाश बघायला. तिचे पप्पा नको म्हणतात. मला पण भीती वाटती."

या एका गैरसमजापायी किती मुलींचं नाव कटत असेल. म्हणून नीट ऐका. रात्री जागायचं नसतं. गच्चीवर जायचं नसतं. दुर्बीण हवाईत आहे. तिथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारचा दीड वाजलेला असतो. फोटो नंतर संगणकावर येतात, ते शाळेच्या वेळेत, दिवसाउजेडी, मॅडमसमोर बसून बघायचे. मोबाईलवर हे काम होतच नाही, संगणकच लागतो. हे सांगितल्यावर आईचा जीव भांड्यात पडला.

पण मग दुसरी अडचण. शाळेत संगणक खोली होती, दहा संगणक होते आणि दाराला कुलूप होतं. "धूळ बसते," "मुलं खराब करतात," "किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत." संगणक वापरला तर खराब होईल म्हणून न वापरता खराब होऊ द्यायचा, हा हिशोब मला कधी कळला नाही. मीटिंगमध्ये विषय निघाला. एक मावशी म्हणाल्या, "दगड शोधून पोरींना किती मिळतात?" मी खरं ते सांगितलं: एक रुपया मिळत नाही. मोहीम संपल्यावर एक प्रमाणपत्र मिळतं. मावशींनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "मग किल्ली मागायला काय जातंय आपलं? फुकटच तर आहे."

सात जणी शाळेत गेल्या. त्यातल्या दोघी शाळा व्यवस्थापन समितीवर होत्या. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात, हे आपण विसरतो, आणि सही करण्यापुरत्याच जातो. त्या दिवशी त्या सही करायला नव्हे, बोलायला गेल्या. आठवड्यातून दोन दिवस खोली उघडायचं ठरलं. दहापैकी चार संगणक चालू झाले. इंटरनेटसाठी मॅडमनी आपला फोन जोडला. रेंज गेली की खिडकीत ठेवायचा.

महिनाभर मोहीम चालली. मी एकदा मुद्दाम जाऊन मागे उभी राहिले. मला काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके सोडून काही दिसलं नाही. ती मुलगी म्हणाली, "ताई, तिथे नका बघू. काहीच बघू नका. नुसतं बघत राहा." आणि खरंच, दोन-तीन मिनिटांनी माझ्याही नजरेला एक ठिपका चालताना सापडला. माझ्या तोंडातून "अगं बाई!" निघालं. तो यादीत आधीच होता म्हणे, खूण होती त्याच्यावर. पण मला काय फरक पडतो, मी तर पहिल्यांदाच पाहिला.

त्यांना नवा लघुग्रह सापडला का? नाही. यादीतलेच बरेच सापडले. दोन ठिकाणी त्यांना नवा वाटला, अहवाल पाठवले. एक नाकारला गेला, तो नुसता गोंगाट होता. दुसऱ्याचं पुढे काही कळलं नाही. नाकारल्याचं कळलं तेव्हा ती मुलगी घरी जाऊन जेवली नाही. आई म्हणाली, बरंय, आता तरी डोक्यातून जाईल. पण मॅडमनी तिला तो नाकारलेला अहवाल पुन्हा उघडायला लावला. तिसऱ्या फोटोत ठिपक्याची जागा रेषेच्या जरा बाहेर गेली होती. तिने पाहिलं होतं, पण "असेल थोडं" म्हणून सोडून दिलं होतं. ते तिचं तिला सापडलं. पुढच्या संचात तिने असं काही सोडलं नाही. यादीतल्या लघुग्रहांची जी मोजमापं त्यांनी पाठवली, तीही वाया जात नाहीत. दगडाची वाट जितक्या वेळा मोजावी तितकी ती पक्की होते.

मला यात सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट सांगू? आपल्या मुली विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचे ग्रह रंगवतात. मीही रंगवले होते, शनीला बांगडी घातली होती. त्यात उत्तर आधी ठरलेलं असतं. शनीला बांगडी घातली की बरोबर. इथे मॅडमनाही माहीत नव्हतं की या फोटोत काही आहे की नाही. हवाईतल्या शास्त्रज्ञालाही माहीत नव्हतं. नववीतल्या मुलीला कुणी असा प्रश्न विचारला, की ज्याचं उत्तर कुणाकडेच नाही आणि तिचं उत्तर नोंदवून घेतलं जाईल, असं तिच्या आयुष्यात किती वेळा होतं? घरात तर तिला "तुला काय कळतं" हेच जास्त ऐकायला मिळतं.

मोजमापाने काय होतं याचं एक मोठं उदाहरण अपोफिस नावाच्या लघुग्रहाचं. २००४ साली तो सापडला, सुमारे ३४० मीटरचा. सुरुवातीच्या मोजमापांवरून २०२९ साली तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता शंभरात जवळपास तीन एवढी निघाली होती. जगभर काळजी पसरली. मग जगभरच्या दुर्बिणींनी त्याला पुन्हा पुन्हा मोजलं, आणि मोजता मोजता ती शक्यता शून्यावर आली. तो आदळणार नाही. पण २०२९ साली तो पृथ्वीपासून फक्त ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे, डिश टीव्हीचे उपग्रह असतात त्याहून जवळून. आणि एखादा दगड खरोखर आपल्याकडे येत असला तर? त्याचीही तयारी सुरू आहे. २०२२ सालच्या २६ सप्टेंबरला नासाने एक यान मुद्दाम डिमॉर्फस नावाच्या लहान लघुग्रहावर नेऊन आदळलं. त्या धक्क्याने त्याचा फेरा अर्ध्या तासाहून थोडा जास्त कमी झाला. दगडाला ढकलता येतं, हे सिद्ध झालं. पण ढकलायचं तर आधी तो दिसायला हवा.

आता कामाच्या गोष्टी. तुमच्या गावच्या शाळेत आठवी ते दहावीची मुलं असतील तर विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा, लघुग्रह शोधमोहिमेत नाव घालता येईल का. नाव मोठ्या माणसाने, शिक्षकाने घालायचं असतं. सगळं काम इंग्रजीत असतं, पण वाक्यं थोडी आणि ठरलेली असतात, मुलं पंधरा दिवसांत शिकतात. आयझॅक स्वतः याचे पैसे घेत नाही. मधली एखादी संस्था प्रशिक्षणाचे पैसे सांगत असेल तर कशाचे, किती, पावती मिळेल का, हे आपण पतपेढीत विचारतो तितक्याच ठामपणे विचारा. 'नासाची परीक्षा', 'नासात निवड' असं सांगून कुणी दारात आलं तर सरळ शाळेकडे चौकशी करा. या प्रमाणपत्राने नोकरी लागत नाही, आणि मुलगी लगेच शास्त्रज्ञ होत नाही. तसं सांगणारा खोटं बोलतो.

नववीच्या मुलांसाठी इस्रोचाही 'युविका' नावाचा उपक्रम आहे, २०१९ पासून चालू आहे. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज निघतात. त्यात खेड्यातल्या शाळेत शिकणाऱ्यांना जादा गुण मिळतात आणि निवड झाली तर येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च इस्रो करतं. खेड्यातली शाळा म्हणून मागे पडायचं आपण नेहमीच ऐकतो. इथे तीच शाळा पुढे नेते, तेव्हा अर्ज चुकवू नका. पुण्याला आयुका नावाची संस्था आहे, तिथे २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला दारं सगळ्यांना उघडी असतात. आणि संभाजीनगरात एमजीएमचं खगोल केंद्र आहे. गटाची सहल काढायची असेल तर दरवेळी देवदर्शनच का? एकदा लोणार करा, आणि विवराच्या काठावर उभं राहून मुलांना विचारा, हे कशाने झालं असेल.

आमच्या त्या गावात यंदा पुन्हा मोहिमेत नाव घालायचं चाललं आहे. ती मुलगी दहावीत आहे. घरात तिच्या स्थळाची चर्चा सुरू झाल्याचं तिच्या आईनेच मला सांगितलं, नजर खाली करून. मी त्या दिवशी फार बोलले नाही, कायदा तिलाही माहीत आहे.

परवा मुलगी मला म्हणाली, "ताई, अपोफिस १३ एप्रिल २०२९ ला जवळून जाणार. मॅडमनी वेळ काढून दिली. आपल्याकडे तेव्हा १४ एप्रिलची पहाट असेल, सव्वातीन. आंबेडकर जयंती." मग तिने बोटांवर हिशोब केला. "मला तेव्हा अठरा पूर्ण झालेली असतील."

आई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "सव्वातीनला उठवीन मी तुला. पण आधी दहावीचा अभ्यास कर."

किल्लीसाठी बायका या सोमवारी पुन्हा शाळेत जाणार आहेत. या वेळी सात नाही, अकरा.